वर्णनात्मक नोंद

आमच्या शाळेत खुर्च्या दोन. एक माझी, एक सरांची. सरांच्या खुर्चीचा मागचा डावा पाय अर्धा इंच तोकडा. त्याखाली ते खडूच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवायचे. सकाळी झाडलोट करताना मुली तो कचऱ्यात टाकायच्या, आणि परिपाठ झाला की सर नवा पुठ्ठा शोधायचे. साडेपाच वर्षं हा कार्यक्रम चालला. नवी खुर्ची घेऊ म्हटलं की म्हणायचे, "बाई, आधी पोरांना बसकर पट्ट्या घेऊ. मी काय, डुलत शिकवतो."

भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की धरणाच्या काठाकाठाने एक वाट जाते. तिच्या टोकाला आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट बावीस. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून आम्ही दोघं. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी पंधरा वर्षांनी मोठी, तेव्हा मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडे. पदभार म्हणजे काम दुप्पट आणि किल्ल्यांचा जुडगा. सर मूळचे मंगळवेढ्याचे, ज्वारीच्या मुलखातले. २०१० साली शिक्षण सेवक म्हणून लागले आणि २०१८ च्या बदल्यांत आमच्याकडे आले. इथला भात आणि नाचणी त्यांच्या पचनी कधी पडली नाही. महिन्यातून एकदा आईला भेटायला गावी जायचे, त्या सोमवारी हमखास उशीर. कागदपत्रांत कच्चे. चटकन चिडायचे, आणि चिडले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्यांची थोरली लेक दुसरीत, त्यांच्याच वर्गात. भोरच्या भाड्याच्या खोलीतून दोघं मोटारसायकलवर यायची. फाटकापर्यंत ती त्यांना 'बाबा' म्हणायची, फाटकाच्या आत 'सर'. हा नियम तिनेच केलेला. संध्याकाळी फाटक ओलांडलं की पहिला शब्द 'बाबा', तोही जरा मोठ्याने, दिवसभर साठवलेला. धाकटा तेव्हा चौदा महिन्यांचा होता.

९ जानेवारी २०२४, संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. सकाळी साडेआठला त्यांच्या घरमालकांचा फोन आला. बूट घालायला वाकले ते तसेच आडवे झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वय सदतीस.

आदल्या दिवशी, सोमवारी, दुपारची खिचडी त्यांनी खाल्ली नव्हती. "पित्त उसळलंय बाई, छातीत जळजळतंय, डावा खांदाही भरून आलाय," म्हणाले. माझ्या पर्समध्ये पित्ताची गोळी असते. ती मी दिली. गोळीने बरं वाटलं असंही म्हणाले.

शवविच्छेदनात कळलं की हृदयाला रक्त पुरवणारी मुख्य नळी बुजत आली होती. मग त्यांच्या आईने सांगितलं, सरांचे वडीलही चव्वेचाळिसाव्या वर्षी शेतात असेच गेले होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती दुःखाची आठवण म्हणून. तपासणीचं कारण म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर त्याला धोक्याची खूण मानतात. अशा माणसाने तिशीतच रक्तदाब, साखर, चरबी बघून घ्यावी, आणि वडिलांची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या पाहणीत दिसलं, की हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियातल्या लोकांना सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना जवळजवळ एकोणसाठाव्या. सहा वर्षं आधी. सर तर त्याच्याही सोळा वर्षं आधी गेले. आता माझ्याशी कुणी 'पित्त' हा शब्द उच्चारला, आणि सोबत खांदा, हात, जबडा, घाम यांतलं काही सांगितलं, की मी गोळी देत नाही. ईसीजी काढायला पाठवते. एक ईसीजी ठीक आला म्हणजे सुटलो असंही नाही, दुखणं चालूच असेल तर पुन्हा काढावा लागतो, रक्त तपासावं लागतं.

आणखी एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. माणूस कोसळला, हलवून हाक मारून ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूचं नुकसान सुरू होतं, आणि आमच्या वाटेवर चार मिनिटांत फक्त पाऊस येतो. आरोग्य केंद्राच्या सिस्टरांनी मार्चमध्ये शाळेत येऊन गावातल्या वीसेक जणांना हे करून दाखवलं. सराव बसकर पट्टीच्या गुंडाळीवर केला.

शाळा मी गुरुवारी उघडली. एकवीस मुलं आली होती. परिपाठाला उभी राहिले आणि मला क्रियापद सापडेना. मराठीत माणसं वारतात, जातात, निवर्ततात, त्यांना देवाज्ञा होते. मरतात ती जनावरं, नाहीतर शिव्यांमधली माणसं. मी म्हणाले, "आपले सर देवाघरी गेले."

पहिलीतल्या एकीने विचारलं, "मंग शनिवारच्याला येत्याल?" शनिवारी सकाळची शाळा, कवायत झाली की सर गोष्ट सांगायचे. गेल्या शनिवारची गोष्ट अर्धी राहिली होती.

मी "नाही" म्हणाले आणि पुस्तकं काढायला लावली. दुसऱ्या दिवशी एक आई सांगायला आली. आजीने नातीला सांगितलं होतं, सर झोपलेत, आता उठणार नाहीत. तेव्हापासून ती मुलगी बापाला झोपू देत नव्हती. डोळा लागला की हलवून जागं करत होती.

माझी डी.एड.ची एक मैत्रीण आता पुण्यात मुलांची समुपदेशक आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "तू त्यांना पत्ता दिलास. पत्ता असलेला माणूस परत येतो." मग तिने मारिया नॉज या हंगेरियन संशोधक बाईंचं काम सांगितलं. बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून, लिहून घेऊन त्यांनी १९४८ साली निष्कर्ष मांडले. पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोप वाटते. त्यापुढच्या मुलांना ते न्यायला येणाऱ्या कुणासारखं दिसतं. आमच्याकडे तर त्याला नावही आहे आणि रेडाही. नवव्या वर्षाच्या सुमारास कळतं, की हे शरीराचं थांबणं आहे आणि ते सगळ्यांना आहे. पुढच्या संशोधकांनी या समजेचे तुकडे पाडून पाहिले: मेलेला परत येत नाही, त्याला भूक, थंडी, दुखणं काही नसतं, प्रत्येकजण मरतो, आणि मरण्याला कारण असतं. बहुतेक मुलांना हे पाच ते सातच्या दरम्यान उमगू लागतं, पण एकदम नाही, एकेक करून. म्हणून एकच प्रश्न मूल दहा वेळा विचारतं. त्याने ऐकलं नाही असं नसतं. ते दर वेळी वेगळा तुकडा तपासून बघत असतं.

शनिवारी कवायत न घेता मी मुलांना व्हरांड्यात बसवलं. सरळ सांगितलं. सरांचं हृदय बंद पडलं. हृदय बंद पडलं की माणूस मरतो. मेलेला माणूस परत येत नाही. त्याला काही दुखत नाही.

चौथीतला एक पोरगा म्हणाला, "म्हंजी आमची शेळी मेली तसं?"

बाकीची पोरं त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. शिक्षकाला शेळी म्हटल्याबद्दल आता बाई ओरडणार.

"हो," मी म्हणाले. "तसंच."

गर्दीतून एक सुस्कारा आला. शेळी त्या सगळ्यांनी पाहिली होती. तिला काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुसरीतला एकजण मागे रेंगाळला. सोमवारी त्याने गंमत म्हणून खुर्चीखालचा पुठ्ठा काढून लपवला होता. सर बसले, कलंडले, पडता पडता वाचले आणि त्याच्यावर भयंकर ओरडले. मंगळवारी सर मेले. हे दोन दिवस त्याने आपल्या मनात जोडून ठेवले होते. पुठ्ठा अजून त्याच्या दप्तरातच होता. मैत्रिणीने याबद्दलही बजावलं होतं: या वयाची मुलं कारण शोधतात आणि ते स्वतःपाशीच सापडतं, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी त्याला फळ्यावर हृदय काढून दाखवलं. ही नळी. ही बुजायला कैक वर्षं लागतात. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून हे चाललेलं असणार. ओरडल्याने नळी बुजत नाही, पुठ्ठ्याने तर नाहीच. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो गेल्यावर मी पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून बराच वेळ हातात धरून बसले.

तेराव्यानंतर तालुक्याला शोकसभा झाली. शिक्षक जमले होते, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर सरांचा लग्नातला फोटो. वक्ते उठत होते आणि 'हसतमुख, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' म्हणून बसत होते. माझी पाळी आली तेव्हा मीही उभी राहिले आणि म्हणाले, "हसतमुख, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष." परतीच्या एसटीत मला आठवेना की मी नक्की कोणाबद्दल बोलले.

याचं उत्तर मला एप्रिलमध्ये मिळालं. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात गुण आणि श्रेणीबरोबर शिक्षकाने प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते: मूल कसं शिकतं, कशात रमतं, कुठे अडतं. कल्पना फार चांगली. प्रत्यक्षात बाजारात नमुना नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग मोबाइलवर याद्या आल्या, आणि आम्ही त्यांतून उतरवू लागलो. 'वर्गात नियमित उपस्थित राहते.' 'इतरांशी सहकार्याने वागतो.' 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करते.' दर वर्षी तीच वाक्यं, फक्त मुलं वेगळी. मीही तेच केलं आहे.

द्वितीय सत्राच्या नोंदी पूर्ण करायला मी सरांची वही काढली. ८ जानेवारीपर्यंत त्यांनी लिहिलेलं होतं.

'बोट ठेवून वाचते. बोट काढलं की थांबते. बोट काढायला सांगू नये, ती स्वतः काढेल.'

'हातच्याची वजाबाकी येते, पण शेजारच्या घरातून दहा आणताना घाबरतो. घरी उसनवारीवरून भांडण झालं असावं. विचारून पाहणे.'

'वर्गात बोलत नाही. पाऊस आला की सगळ्यांची दप्तरं आधी आत नेतो.'

'खिचडीतले वाटाणे मोजून खातो. ३० पर्यंत मोजणी पक्की. पुढे वाटाणे नसतात.'

या नोंदी मला नव्या नव्हत्या. "ह्या जरा नमुन्यात बसवा" असं वरून आलं की सर मान डोलवायचे आणि पुन्हा तसंच लिहायचे. आम्ही त्याला त्यांचा कागदोपत्री कच्चेपणा समजत होतो. त्या दिवशी रिकाम्या शाळेत ओळीने वाचताना माझ्या ध्यानात आलं: शोकसभेत आम्ही सगळ्यांनी मिळून सरांची नमुना नोंद केली होती. ज्याने साडेपाच वर्षांत एकाही मुलाचं वर्णन दुसऱ्याला लागू पडेल असं केलं नाही, त्याला आम्ही कोणालाही लागू पडतील अशी तीन विशेषणं लावून वाटेला लावलं.

आणि हे फक्त आमच्या समाधानापुरतं नव्हतं. मोठेपणी माणसाला आठवणारी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं सहसा काही उरत नाही. म्हणजे सरांच्या धाकट्याला बाप आठवणार नाही. त्याच्याजवळ जे काही येईल ते इतरांनी दिलेलं असेल. आम्ही त्याला काय देणार, फ्लेक्स?

दुःख म्हणजे गेलेल्या माणसातून हळूहळू मन सोडवून घेणं, असा विचार फ्रॉइडने १९१७ साली मांडला आणि तो बराच काळ टिकला. पुढे अमेरिकेत बॉस्टन भागातल्या सत्तर घरांमधल्या, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा अभ्यास झाला. त्यातली मुलं मन सोडवून घेत नव्हती. वडिलांची वस्तू जवळ बाळगत होती, त्यांच्याशी बोलत होती, मोठी होतील तसे नवे प्रश्न विचारून आपल्या मनातला बाप पुन्हा पुन्हा घडवत होती. या आणि अशा अभ्यासांवरून १९९६ मध्ये तज्ज्ञांनी नातं चालू राहण्याची कल्पना मांडली. वर्षातून एकदा कावळ्यासाठी पान वाढून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात फार नवं वाटणार नाही. पण बाप पुन्हा घडवायला मुलाला कच्चा माल लागतो. 'मनमिळाऊ'मधून काही घडत नाही.

म्हणून मी मुलांना सांगितलं, सर तुमची नोंद करायचे, आता तुम्ही सरांची करा. एक अट. खरं लिहायचं, आणि दुसऱ्या कुठल्याच सरांबद्दल लिहिता येणार नाही असं लिहायचं. दोनशे पानी वही घेतली. जुनी, आता हायस्कुलात गेलेली मुलंही येऊन लिहून गेली.

'सरांना शिट्टी येत नव्हती. तोंडातून नुसती हवा यायची.'

'सर संडासात गाणं म्हणायचे.'

'नाचणीच्या भाकरीला सर काळी चपाती म्हणायचे आणि अर्धी मला द्यायचे.'

'खडूचे दोन तुकडे झाले की मोठा आम्हाला.'

'सरांनी मला एकदा उगाच मारलं. मग दुपारी सॉरी म्हणले. मोठं माणूस सॉरी म्हणताना मी पहिल्यांदा बघितलं.'

ही शेवटची नोंद ठेवावी की काढावी, यावर मी दोन दिवस विचार केला. ठेवली.

मी माझी लिहिली. पित्ताच्या गोळीसकट.

सरांच्या पत्नीचं, आमच्या वहिनींचं, वर्ष कागदांत गेलं. सेवापुस्तकात लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन तसंच होतं, वारसाच्या जागी आईचं नाव. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने सेवेत मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला, त्याचे अर्ज, दाखले, खेटे. शिक्षकांनो, लग्न झालं, मूल झालं की आधी सेवापुस्तक उघडा, एवढंच सांगते. जूनमध्ये त्या मुलांना घेऊन मंगळवेढ्याला सासूबाईंकडे गेल्या.

वर्षश्राद्धाला मी वही घेऊन गेले. वहिनींनी ती स्वयंपाकघरात उभ्यानेच उघडली. संडासातल्या गाण्यापाशी आल्या आणि खुदकन हसल्या. "घरीपण," म्हणाल्या. "घरमालकांनी एकदा हळूच सांगितलं होतं." मग पिठाचे हात पुसून त्यांनी पेन मागितलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "माझंबी घाल की गं एक," आणि सुनेने खाली बसून त्यांचंही लिहून घेतलं.

एप्रिलमधली एक गोष्ट राहिली. सरांच्या त्या मूल्यमापन वहीत दुसरीच्या पानावर एका नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्याच लेकीचं नाव. जागा मोकळी सोडून पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाईंना विचारणे.' सगळ्या मुलांना इतकं निरखणाऱ्या माणसाला आपल्याच मुलीबद्दल स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटला नव्हता. मला विचारायचं राहून गेलं.

मी पुस्तिका उघडली नाही. पेन्सिल खोडली नाही. तिच्याशेजारी शाईने लिहिलं:

'जानेवारीअखेर शाळेत आली. फाटकाशी थांबते, मग आत येते. सरांच्या खुर्चीवर बसत नाही, इतरांनाही बसू देत नाही. मार्चमध्ये कामगिरीवर नवीन सर आले. पहिल्या दिवशी तिने खुर्ची पुसली, खडूच्या खोक्याचा पुठ्ठा शोधून चार घड्या घातल्या, मागच्या डाव्या पायाखाली सरकवला आणि म्हणाली, आता बसा, पण डुलू नका.'